झुंबरभाऊंची खूण

पिंपळगावच्या कांद्याच्या लिलावात माल घ्यायला तोंड लागत नाही. परक्या माणसाला हे खोटं वाटेल, कारण बाहेरून ऐकलं तर नुसता कालवा. ट्रॅक्टर घरघरतात, हमाल एकमेकांवर खेकसतात, आणि लिलाव पुकारणारा ट्रॉलीच्या फाळक्यावर उभा राहून घसा फोडतो. पण ज्यांना माल घ्यायचा ते व्यापारी खाली घोळक्यात मुकाट उभे. एकानं भुवई उडवली, दुसऱ्यानं टोपी मागं सारली, तिसऱ्यानं नाक ओढलं, की झाली बोली. ज्याची त्याची खूण ठरलेली आणि ती पुकारणाऱ्याला तोंडपाठ. त्यानं तीन वेळा पुकारलं, वर कुणी चढलं नाही आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडं सरकला, की सौदा पक्का. मग डोकं आपटा नाहीतर पाय धरा, बदल नाही.

झुंबर पगारेची खूण होती हनुवटी. जराशी वर उचलायची, बस्स. झुंबर स्वतः व्यापारी नव्हता, पोपटशेठचा माणूस होता. तरुणपणी शेठच्या खळ्यावर, म्हणजे घेतलेला कांदा उतरवून निवडायच्या आवारात, गोण्या उचलायला आला आणि उचलता उचलता त्याला कांद्याची अशी पारख बसली, की शेठनं एक दिवस त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "उद्यापासून लिलावात तू उभा राहायचं. माझे गुडघे तर कधीचेच गेलेत." शेठच्या वतीनं बोली लावायची, म्हणजे शेठची तिजोरीच हनुवटीवर घेऊन हिंडायचं. अहो, नाशकाहून निमाणीच्या स्टँडवर बस पकडून रोज पिंपळगावला जाणारा साधा माणूस, पण लिलावात तो एखाद्या ट्रॉलीपाशी थांबला की मोठे मोठे व्यापारी तिरक्या नजरेनं बघायचे. झुंबर थांबला म्हणजे मालात काहीतरी आहे, असं सगळ्यांना वाटायचं. या मानावर झुंबर खूश होता. कशाला खोटं बोला, चांगलाच खूश होता.

फक्त एक झालं. हनुवटीची खूण ठरवली तेव्हा जबडा ठणठणीत होता.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. पंचवटीच्या पलीकडं त्यांची कॉलनी. सकाळी झुंबर भाकरी खायला बसला, पहिलाच घास मोडला आणि कानाखाली 'कट्' असा आवाज आला. चुलीपाशी बसलेल्या भिमाबाईला तो ऐकू गेला.

"दात पडला का काय?" ती म्हणाली.

झुंबरनं जीभ फिरवून पाहिली. दात सगळे जागेवर. पण त्या दिवसापासून उजव्या कानापुढं ठणका लागला तो लागलाच, आणि दोन-चार महिन्यांत त्याच कानात आवाज सुरू झाला. बारीक, सरळ, न थांबणारा. लांब कुणाच्यातरी घरी कुकरची शिट्टी चालू व्हावी आणि बाई बाहेर गप्पा मारत उभी असावी, तसा.

मग काय, सगळी कॉलनी डॉक्टर झाली. कुणी लवंग दिली, कुणी हिंग. शेजारच्या सुलाबाईनं लसणाचं तेल कढवून कानात सोडलं, तर कान आणखीच गायला लागला. एकानं छातीठोक सांगितलं, दाढ किडलीय. झुंबर गेला आणि दाढ काढून आला. ठणका तिथंच. मग तोच छातीठोक सल्लागार म्हणाला, शेजारची असेल. तीही काढली. दोन धडधाकट दाढा गेल्या, आणि दुखणं मात्र भाड्याचं घर पसंत पडल्यासारखं बसून राहिलं. तिसऱ्या दाढेची वेळ आली तेव्हा भिमाबाई दारात आडवी उभी राहिली.

"आता पुरे. सगळं तोंड रिकामं करून आणाल. मुलगी लग्नाची व्हायची हाय अजून, जावई कुणाला भ्यायचा?"

तिनंच मग चौकशी करून त्याला नाशकातल्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी दाताला हातसुद्धा लावला नाही. त्याच्या दोन्ही कानांपुढं एकेक बोट ठेवलं आणि म्हणाल्या, तोंड उघडा, मिटा, उघडा. मग म्हणाल्या, "दातांचा काही दोष नाही. हा जबड्याचा सांधा आहे, दाराच्या बिजागरीसारखा. तुमची बिजागरी घसटतेय. कडक खाऊ नका. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा, नाहीतर एखाद दिवशी तोंड उघडंच राहील. आणि मुख्य म्हणजे दात आवळून बसू नका. तुम्ही दात आवळता का?"

"नाय," झुंबर म्हणाला. दात आवळूनच म्हणाला.

"आणि कानातला आवाज?" भिमाबाईनं विचारलं.

"तो बहुतेक राहील. कमी-जास्त होईल. त्याच्याकडं लक्ष दिलं की चढेल, नाही दिलं तर मागं पडेल."

येताना बसमध्ये भिमाबाई म्हणाली, "मग माझ्या सासूसारखंच झालं की. लक्ष दिलं की चढायची." झुंबरला हसू आलं आणि जबडा कळवळला, तरी तो हसला.

आणि खरं सांगायचं तर घरात त्यांचं बरं चाललं होतं. माणूस दुखण्यालासुद्धा जागा करून देतो. भिमाबाई भाकरी आमटीत कुस्करून आधी पाच मिनिटं झाकून ठेवायची. साक्षी, त्यांची मुलगी, बापासाठी पेरूच्या चकत्या इतक्या पातळ करायची की त्यातून समोरचं दिसावं. मटण असलं की त्याच्या ताटात रस्सा आणि मऊ तुकडे, हाडं भिमाबाईच्या ताटात, आणि ती ती मोठ्या चवीनं फोडायची, वर म्हणायची, "तुमचं दुखणं मला लय मानवलं." झोपताना रेडिओ हळू लावून ठेवला की कानातली शिट्टी त्यात मिसळून जायची. जबडा जास्तच अडला तर झुंबर हनुवटी वर उचलून डावीकडं एक हिसका द्यायचा, 'कट्' व्हायचं आणि सांधा मोकळा. घरात या आवाजाकडं कुणी मान वर करूनसुद्धा बघायचं नाही.

पण हेच त्याला मार्केटात करता येत नव्हतं. हनुवटी वर गेली की बोली. दुखऱ्या जबड्याला मोकळं करायला गेला, तर शेठच्या नावावर ट्रॉली!

आता तुम्ही म्हणाल, मग खूण बदलायची. त्यात काय एवढं? एवढंच, की खूण बदलायची तर लखनला सांगावं लागणार. लखन म्हणजे लिलाव पुकारणारा. तो विचारणार, का? आणि लखनच्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे पार हायवेपर्यंत पुकारलेली गोष्ट. ती शेठच्या कानावर जाणार. आणि झुंबरच्या डोळ्यांपुढं बारकू होता. झुंबरच्या आधी लिलावात बारकू उभा राहायचा. त्याला मोतीबिंदू झाला आणि शेठनं त्याला उचलून वजनकाट्यावर बसवलं, तो आजतागायत तिथंच. झुंबरला काट्यावर बसायचं नव्हतं. त्याला त्या घोळक्यातच उभं राहायचं होतं. शिवाय एक गंमत होती. त्या कालव्यात त्याच्या कानातली शिट्टी त्याला ऐकूच यायची नाही. पण ते राहू द्या. खरं कारण मान हेच होतं.

म्हणून तो काय करायचा? सकाळी लिलाव सुरू झाला की जबडा घट्ट आवळून, दगडासारखा चेहरा करून उभा राहायचा. दुपारपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट करू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकी तीच रोज, पगार घेऊन. संध्याकाळी बसमधून उतरायचा तेव्हा कानापासून मानेपर्यंत सगळं ठणकत असायचं. भिमाबाई गरम मिठाची पुरचुंडी तयार ठेवायची आणि ओरडायची, "अहो, सांगून टाका ना शेठला! खाणार हाय का तो?"

"तुला नाय कळायचं," झुंबर म्हणायचा. अशी काही वर्षं गेली.

मग तो जानेवारीतला दिवस आला. थंडी अशी, की ट्रॅक्टरसुद्धा खोकत होते. थंडीत झुंबरचा सांधा जास्तच धरायचा, म्हणून भिमाबाईनं त्याला मफलर गुंडाळून दिला होता. कान, गाल, तोंड सगळं आत. बाहेर नुसते डोळे आणि मफलरमधूनही कळावी अशी टोकदार हनुवटी. दिंडोरीकडच्या एका म्हातारीची ट्रॉली लिलावाला लागली होती. ठमाबाई तिचं नाव. अवकाळी पावसात सापडलेला माल. पत्ती, म्हणजे वरचं साल, सुटलेली, काही कांद्यांना कोंब, तळाला ओल. ठमाबाई ट्रॉलीच्या चाकाला धरून उभी होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, कारण तिच्याकडं बघून बोली लावणं अवघड गेलं असतं.

झुंबरनं सवयीप्रमाणं दोन्ही हातांत कांदे घेतले, दाबून पाहिले. मालात दम नव्हता. तो ते परत टाकणार, एवढ्यात त्याला जांभई आली.

जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. पण मुठीत होते कांदे. त्यानं जांभई गिळायला पाहिली, ती गिळली गेली नाही. मफलरच्या आत तोंड उघडलं, हनुवटी वर गेली, कानाखाली कळ आली आणि तोंड उघडं राहिलं ते राहिलं. मिटेना!

"पोपटशेठ!" लखन वरून ओरडला आणि बोली चढवली.

झुंबर घाबरला. सांधा बसवायला त्यानं हनुवटी खाली घेतली आणि परत वर हिसकली.

आता बाकीच्या व्यापाऱ्यांनी काय पाहिलं? त्यांनी पाहिलं, की झुंबर पगारे दोन्ही हातांत कांदे घेऊन, त्यांच्याकडं टक लावून उभा आहे आणि समोरून कुणी बोली लावत नसताना स्वतःच स्वतःच्या वर चढतोय. म्हणजे या मालात आहे काहीतरी! आपल्याला दिसत नाही, याला दिसलंय. एकाची भुवई उडाली. दुसऱ्याची टोपी मागं सरली. झुंबरनं घायकुतीला येऊन आणखी एक हिसका दिला, की पुन्हा "पोपटशेठ!" त्याला ओरडून सांगायचं होतं, अरे बाबांनो, थांबा! पण उघड्या तोंडानं ओरडता येत नाही, हे ज्याचं तोंड अडकलंय त्यालाच कळतं. मफलरमधून नुसता घरघराट निघाला आणि तो शेजारच्या ट्रॅक्टरच्या घरघरीत गेला. त्या दिवशी चांगल्या मालाला मिळाला नसता असा भाव ठमाबाईच्या कांद्याला मिळाला. बाकीचे हळूहळू गळाले. लखननं तीन वेळा पुकारलं. तिसऱ्या पुकाराला झुंबरचा सांधा 'कट्' करून जागेवर बसला.

म्हणजे आता बोलता येत होतं. पुढच्या ट्रॉलीकडं घोळका सरकायच्या आत हरकत घेता येते, तेवढी सवलत आहे. झुंबरनं मफलर खाली ओढला. समोर ठमाबाई उभी. तिनं त्याचे दोन्ही हात कांद्यासकट धरले.

"दादा, तुमीच वळखला बघा माझा माल. कुनी इकडं फिरकंना. तुमच्या लेकराबाळाचं भलं होवो."

झुंबरनं हरकत घेतली नाही. लोक नंतर म्हणाले, म्हातारीची दया आली असेल. दया आली, नाही असं नाही. पण दयेच्या आधी भीती आली होती. हरकत घ्यायची तर सांगावं लागणार होतं, की बोली नव्हती, तोंड अडकलं होतं. एवढ्या घोळक्यात. त्यानं कांदे खाली ठेवले आणि तो पुढच्या ट्रॉलीकडं गेला.

खळ्यावर ट्रॉली रिकामी झाली आणि पोपटशेठ काठी टेकत ढिगाजवळ आला. पायानं एक कांदा उलटा केला, दुसरा केला. मग झुंबरकडं पाहिलं.

"हे काय आणलंस, झुंबर?"

"चूक झाली शेठ. पारखण्यात चूक झाली."

"पारखण्यात? तुझी?"

"थंडी होती. नीट दिसलं नाय."

शेठनं काठीनं तो कांदा परत ढिगात सारला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "मग आता हा ढीग तूच निवड, बायांबरोबर. उद्यापासून लिलावाला माझा भाचा उभा राहील. नजर ठीक नसेल तर काट्याचं बघू पुढं."

झालं! ज्याला भ्यायला होता तेच दारात येऊन उभं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून झुंबर खळ्यावर कांदे निवडायला बसला. कोंब आलेले इकडं, ओले तिकडं, बरे पाटीत. त्याच्या आजूबाजूला निवडणाऱ्या बाया, आणि त्यांची म्होरकी कलाबाई. या बायकांचे हात कांद्यावर आणि तोंडं सगळ्या तालुक्यावर चालतात. झुंबर बसला त्या क्षणी कलाबाई म्हणाली, "या साहेब, बसा. गोणपाट झटकून देऊ का?" बाया फिदीफिदी हसल्या. पहिल्या दिवशी झुंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण इथं कुणाला बोली लावायची नव्हती. हनुवटी वर गेली काय, खाली गेली काय, कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी त्यानं नकळत जबडा हलवला, मोकळा केला, 'कट्' झालं आणि काहीही झालं नाही. तो दिवसभर सैल तोंडानं बसला. बायांच्या गप्पा ऐकून हसलासुद्धा. आणि आठवडा संपता संपता एका संध्याकाळी बसमधून उतरून चालताना त्याच्या लक्षात आलं, की मान ठणकत नाही. कानापुढं दुखत होतं, पण मुकाट दुखत होतं, पूर्वीसारखं बोंबलत नव्हतं. भिमाबाईनं मिठाची पुरचुंडी पुढं केली, तर तो म्हणाला, "आज नको."

"काय सांगता?" तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघा! डॉक्टरीणबाई काय म्हणल्या होत्या? आवळू नका म्हणल्या होत्या. इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते? बसा आता खळ्यावर सुखानं. पगार तेवढाच मिळतो ना?"

पगार तेवढाच होता. जबडा बरा होता. बाया चांगल्या होत्या. माणसानं सुखानं बसायला काय हरकत होती? झुंबरनंही तसंच ठरवलं, आणि दोन दिवस तसा बसलाही.

तिसऱ्या दिवशी दोन व्यापारी शेठकडं चहाला आले. झुंबर ढिगाआड बसला होता, ते त्यांना दिसत नव्हतं. एक म्हणाला, "झुंबर दिसत नाय हल्ली लिलावाला?"

"नजर गेली त्याची," शेठ म्हणाला. "ती म्हातारीची ट्रॉली बघितली ना तुम्ही? काय डोळा होता हो त्याचा! गेला."

झुंबरच्या हातातला कांदा हातातच राहिला. नजर गेली? माझी? त्याच्या अंगाची आग आग झाली. दोन्ही डोळे शाबूत, बोटं शाबूत, आतला कोंब बाहेरून सांगणारी पारख शाबूत, आणि पिंपळगावभर बोभाटा की झुंबर आंधळा झाला! आणि हा बोभाटा उठवला कुणी? त्यानंच. जबडा लपवायला स्वतःच्या नजरेवर खोटा आळ घेतला होता. दुखरा होता तो भाग झाकला आणि धडधाकट होता तो बदनाम केला. दोन चांगल्या दाढा काढून आला होता, त्यातलाच हा प्रकार.

कलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "भाऊ, तुमचं तोंड लाल झालंय."

"होऊ दे," झुंबर म्हणाला आणि उठला. व्यापारी जायचीसुद्धा वाट न बघता सरळ शेठपुढं जाऊन उभा राहिला.

"शेठ, माझ्या नजरेला काय झालेलं नाय. माझा जबडा खराब हाय."

शेठच्या हातातली कपबशी थांबली.

मग झुंबरनं सगळं सांगितलं. भाकरी, दाढा, कानातली शिट्टी, मूठ, जांभई, कांदे, सगळं. एकदा तोंड उघडलं ते मिटेना, तसंच झालं, फक्त या वेळी शब्द येत होते. जांभईपाशी आला तेव्हा चहाला आलेल्यातला एक व्यापारी हळूच म्हणाला, "म्हणजे आम्ही तुझ्या जांभईवर चढत होतो?" आणि तोंडावर रुमाल धरून हसायला लागला. पण शेठ हसला नाही. शेठ भडकला.

"गाढवा! इतकी वर्षं? आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"बारकूला तुम्ही काट्यावर बसवलं."

"बारकूला दिसत नव्हतं म्हणून बसवलं! अरे, मला तुझे डोळे पाहिजेत. तोंड कुणाला पाहिजे तुझं? तोंड माझ्याकडं आहे की, सगळं पिंपळगाव ऐकतं!" शेठ इतका ओरडला, की काट्यावरून बारकू उठून आला आणि ढिगाआडून बाया माना काढून बघायला लागल्या. शेठनं दम खाल्ला, चहाचा घोट घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी या दहा दिवसांत भाच्याकडून काय माल घेतलाय, तुला माहितीये? म्हातारीचा ढीग बरा म्हणायची वेळ आलीय. उद्या लिलावाला ये. आणि त्या लखनला सांगून खूण बदल."

"लखनला सांगितलं तर—"

"तर काय?"

 झुंबरनं संध्याकाळीच लखनला गाठून सांगितलं. हाताचं पहिलं बोट छातीशी उचलायचं, ही नवी खूण. लखननं सगळं ऐकून घेतलं. एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, "काळजी करू नका झुंबरभाऊ. मी बघतो." त्याच्या त्या 'बघतो'नं झुंबरला रात्रभर डोळा लागला नाही.

आणि व्हायचं तेच झालं. सकाळी पहिली ट्रॉली लागली, व्यापारी जमले, झुंबर मान खाली घालून घोळक्यात शिरला, आणि लखन फाळक्यावर चढून, भाव पुकारायच्या आवाजात ओरडला, "ऐका हो ऐका! झुंबरभाऊंची खूण बदलली! हनुवटी वर गेली तर बोली धरायची नाही! त्यांचा जबडा दुखतो, कान वाजतो! बोट वर झालं तर बोली! सगळ्यांनी ध्यानात ठेवा!"

झुंबरला वाटलं, धरणी दुभंगावी आणि कांद्याच्या ढिगाखाली आपल्याला गाडून घ्यावं. सगळा घोळका त्याच्याकडं बघत होता. ट्रॅक्टरवरचे शेतकरी उठून बघत होते. 

मग टोपीवाला व्यापारी म्हणाला, "कान कोणता?"

"उजवा," झुंबर पुटपुटला.

"माझा डावा. पाच वर्षं झाली. घरात बायकोला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही."

"माझे दोन्ही वाजतात," भुवईवाला म्हणाला. "हा लखन कानाशी ओरडतो त्यानं झालंय. लखन, जरा तिकडं तोंड करून पुकारत जा रे!"

"लसणाचं तेल घाला," मागून कुणीतरी सांगितलं.

"लसूण नाय, कापूर!"

"माझ्या साडूचा जबडा असाच होता, त्याला मालेगावला एकानं—"

आणि लिलाव राहिला बाजूला. जो तो आपलं दुखणं काढून दाखवायला लागला. कुणाचा गुडघा, कुणाची पाठ, एकाला तर नाकच नव्हतं, म्हणजे वास येत नव्हता, आणि तो गेली कितीतरी वर्षं कांद्याचा वास घेतल्याचं नाटक करत होता. शेवटी ट्रॅक्टरवरचे शेतकरी खवळले. "अरे, दवाखाना हाय का मार्केट? लिलाव करा!" तेव्हा कुठं लखन भानावर आला.

भाव फुटला. बोली चढायला लागली. माल बरा होता, पण झुंबरला आणखी जरा बघायचा होता. थंडी त्या जांभईच्या दिवसासारखीच होती. सवयीनं त्याचे दात आवळले गेले होते, सांधा धरला होता, कानापुढं ठणका सुरू झाला होता. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. मग मफलर खाली ओढला आणि भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, हनुवटी वर उचलून डावीकडं हिसका दिला.

लखनचा पुकार थांबला. त्यानं वरून वाकून पाहिलं.

"झुंबरभाऊ, बोली आहे का दुखतंय?"

"दुखतंय!" झुंबर ओरडला.

"मग पुढं!" लखन म्हणाला, आणि बोली त्याला सोडून पुढं गेली.